दोघांनी मिळून घरच्या घरी अल्बम कसा करावा

घरी अल्बम करायला निघालेल्या जोडीचं घोडं सहसा माइकपाशी अडत नाही. ते अडतं पुढे, सातव्या-आठव्या महिन्यात. तोवर संगणकात दहा-अकरा गाणी अर्धीमुर्धी पडलेली असतात, प्रत्येकाचे वीस-वीस टेक (त्याच भागाची पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंगं) असतात आणि फोल्डर उघडायचा दोघांनाही कंटाळा आलेला असतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझा आणि माझ्या मित्राचा पहिला प्रयत्न असाच विरून गेला. तो गिटार वाजवतो, मी गातो आणि जेमतेम हार्मोनियम वाजवतो. पोटापाण्याचे उद्योग दोघांचेही वेगळे. दुसऱ्या खेपेला मात्र आठ गाणी पूर्ण झाली, तीही त्याच सामानावर. फरक एवढाच, की जे ठरवायचं ते आम्ही त्या-त्या टप्प्यावर ठरवून टाकलं.

१९७९ मध्ये टिॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं यंत्र आणलं आणि साध्या कॅसेटवर घरबसल्या चार ट्रॅक भरता येऊ लागले. चारच. आणखी वाद्यं हवी असली तर भरलेले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर नवं वाजवायचं. एकदा उतरवलं की त्यातली एकटी गिटार नंतर कमी-जास्त करता यायची नाही. म्हणजे निर्णय तिथल्या तिथे घ्यावाच लागे. आज ट्रॅक हवे तेवढे मिळतात, काहीही केव्हाही बदलता येतं, आणि ‘नंतर बघू’ म्हणायला काहीच खर्च येत नाही. घरगुती अल्बम या ‘नंतर बघू’ने मरतात. खालचा क्रम तेवढं टाळण्यासाठी लावला आहे.

सर्वात आधी एक कागद

वाद्यं पिशवीतच राहू द्या. एका कागदावर चार गोष्टी लिहा.

किती गाणी? पहिल्या अल्बमला सहा ते आठ पुरे. बारा गाण्यांची हौस असेल तर बारा लिहा, पण रेकॉर्ड आठच करा.

शेवटची तारीख कोणती? पूर्ण तारीख लिहा. ‘पावसाळ्यानंतर’ ही तारीख नव्हे.

शेवटचा शब्द कोणाचा? हे लिहायला संकोच वाटतो, म्हणून ते राहून जातं. दोघांत बहुमत नसतं, हे विसरू नका. चौघांच्या बँडमध्ये तीन विरुद्ध एक होऊ शकतं, इथे नेहमीच एक विरुद्ध एक. आमचा नियम साधा होता: ज्याने चाल बांधली त्या गाण्यात त्याचा शब्द शेवटचा. चाल दोघांची असेल तर एकदा तू, एकदा मी. नियम कुठलाही ठेवा, पण भांडण होण्याआधी ठेवा.

हक्काची वाटणी कशी? शब्द, चाल आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण या वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द-चालीचा हक्क निराळा आणि रेकॉर्डिंगचा निराळा. प्रत्येक गाण्यापुढे कोणाचे किती टक्के ते लिहून दोघांनी सही करा. पैसे मिळोत न मिळोत, कागद असू द्या. दुसऱ्या कोणाचं गाणं घेणार असाल तर त्याच्या परवानगीचं आत्ताच बघा. सगळं तयार झाल्यावर ते गाणं काढून टाकणं जिवावर येतं.

फोनवरचे डेमो

प्रत्येक गाणं एकदा बसून फोनवर रेकॉर्ड करा. फोन दोघांच्या मध्ये ठेवायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचं. चुका झाल्या तर होऊ द्या. मग आठवडाभर ते डेमो चालता-फिरता ऐका आणि प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी भरा: पट्टी, लय, रचना.

पट्टी गाण्यातल्या सर्वात वरच्या सुरावरून ठरवा. तो सूर ओळीने पाच वेळा लागला पाहिजे. रेकॉर्डिंगच्या दिवशी निदान तेवढ्या वेळा तो लावावा लागतोच. लय मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या साधनावर मोजा आणि मिनिटाला किती ठोके तो आकडा लिहा, ८४ की ८८. उत्साहात केलेल्या डेमोची लय बहुधा जरा जास्त असते, म्हणून दोन-तीन आकडे खाली-वर करून बघा. रचना म्हणजे ध्रुवपदाला किती फेऱ्या, मधला तुकडा कुठे, शेवट कसा. शेवट ‘हळूहळू आवाज कमी करू’ असा सोडला असेल, तर शेवट अजून सुचलेला नाही असं समजा.

जे गाणं आठवडाभरात दोघांपैकी एकालाही पुन्हा ऐकावंसं वाटलं नाही, ते गळालं.

सामान: कमी, पण जोडीला पुरेल असं

एक संगणक. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी छोटी पेटी), म्हणजे दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतं. दोन माइक, दोन बंद कपांचे हेडफोन, दोन स्टँड, एक पॉप फिल्टर (तोंडाच्या वाऱ्याचा झोत अडवणारी जाळी). इंटरफेसला हेडफोनची एकच खाच असेल तर फाटा देणारा छोटा ॲम्प्लिफायर लागेल. ब्लूटूथ हेडफोन ऐकायला छान, रेकॉर्डिंगला निरुपयोगी. त्यातून आवाज इतका उशिरा पोचतो की त्यावर ताल धरता येत नाही.

माइक कोणता? कंडेन्सर माइक बारकावे छान टिपतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, आणि तो शेजारच्या घरातला टीव्हीही तितक्याच आवडीने टिपतो. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. खोली गोंगाटाची असेल तर बिनधास्त डायनॅमिक घ्या. जुना रिबन माइक कोणाकडून मिळाला असेल तर त्याला फँटम देऊ नका, तो बिघडू शकतो.

सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात आमचे दोन रविवार गेले. ऑडॅसिटी फुकट आहे, ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट मिळतं, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. ज्याच्या संगणकावर काम होणार त्याला जे येतं, ते वापरा.

सेटिंग एकदाच ठरवा: २४ बिट (आवाज किती बारकाईने नोंदवायचा), आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झपैकी एक (सेकंदाला किती हजार नमुने, म्हणजे सॅम्पल, घ्यायचे). दोन्ही चालतात, मिसळलेले चालत नाहीत. ४४.१ वर भरलेली फाइल सॉफ्टवेअरने न बदलता ४८ वर वाजवली तर ती जवळपास नऊ टक्के जलद धावते आणि सुमारे दीड अर्धस्वर वर चढते. मित्राने घरून पाठवलेल्या एका गिटारीवर मी अर्धा तास चिडलेलो होतो, ‘न विचारता कॅपो का लावलास?’ कॅपो, म्हणजे गिटारची पट्टी चढवणारा चिमटा, नव्हताच.

खोली

मोठी आणि रिकामी खोली टाळा. कपाटं, पुस्तकं, गादी, पडदे असलेली अडगळीची खोली बरी. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून पत्र्यासारखी झणझण आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. त्यातल्या एकीवर जाड रजई टांगा. गाणाऱ्याच्या पाठीमागे रजई लावणं माइकच्या मागे लावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असतं. कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे पाठ करून गायलं तर फुकटात बरंच काम होतं.

कोपरे टाळा, तिथे खर्ज फुगतो. खोलीच्या अगदी मध्यभागीही नको. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या भानगडीत पडू नका. बाहेरचा आवाज ते थांबवत नाहीत आणि आतला खर्ज शोषतही नाहीत.

मग पंखा बंद, फोन विमान मोडवर आणि फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. सगळं शांत झालं की नुसत्या खोलीचा तीस सेकंद आवाज रेकॉर्ड करून ठेवा. पुढे दोन ओळींमधला खोकला कापाल तेव्हा तिथे निर्जीव शांतता राहते आणि ती कानाला खटकते. त्या भोकात हा खोलीचा आवाज भरायचा.

सूर कोणाला जुळवायचा

ज्या वाद्याचे सूर हलत नाहीत, त्याला बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. हार्मोनियम आयत्या वेळी कोणी सुरात लावत बसत नाही. तेव्हा अगोदर हार्मोनियमचा एक सूर ट्यूनरवर बघा. तो ट्यूनरच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा थोडा वर किंवा खाली असेल, तर ट्यूनरचं माप तेवढं सरकवून गिटार त्याला लावा. बासरी थंड असताना उतरलेली असते आणि फुंकून गरम झाली की चढते, म्हणून दहा मिनिटं वाजवल्यावरच सूर तपासा. गिटारच्या नव्या तारा आदल्या दिवशी चढवा. आणि प्रत्येक टेकआधी सूर बघायचा. प्रत्येक. गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात उतरलेली तार मिक्समध्ये, म्हणजे नंतर सगळे ट्रॅक एकत्र जमवताना, दुरुस्त होत नाही.

एकत्र वाजवायचं की एकेक करून

दोघांच्या अल्बममधला खरा प्रश्न हा आहे, आणि तो गाण्यागणिक वेगळा सुटतो.

ज्या गाण्यात लय श्वासासारखी मागेपुढे होते, म्हणजे एक जण ओळ लांबवतो आणि दुसरा थांबून घेतो, तिथे एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवा. मेट्रोनोमही नको. अडचण एकच: एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. तोच आवाज दोन माइकना थोड्या वेळाच्या फरकाने पोचला की काही कंपनं एकमेकांना खातात आणि डब्यात बसून वाजवल्यासारखं ऐकू येतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. एवढासा फरकही पुरतो.

त्यावर दोन उपाय. पहिला तीनास एकचा: माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. गिटारचा माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर गाण्याचा माइक त्यापासून किमान ९० सेंटिमीटरवर. दुसरा उपाय माइकच्या बहिऱ्या बाजूचा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक मागून बहिरा असतो. तेव्हा समोरासमोर बसा, म्हणजे तुमच्या माइकची पाठ आपोआप समोरच्याकडे येते. फिगर-एट, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकारात ऐकणारा माइक पुढून आणि मागून ऐकतो, पण दोन्ही कुशींवर पूर्ण बहिरा असतो. तो मिळाला तर एकाच माणसाचं गाणं आणि गिटारसुद्धा बऱ्यापैकी वेगळं घेता येतं.

थोडं मिसळणारच. मिसळू द्या. फक्त हे लक्षात ठेवा की अशा टेकमध्ये एकाची चूक दुसऱ्याच्या माइकमध्येही उतरलेली असते. टेक ठेवायचा तर दोघांचा, टाकायचा तर दोघांचा. ही अडचण मला सोयीची वाटते. तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

ज्या गाण्यात ठेका पक्का आहे आणि वर तीन-चार वाद्यं चढायची आहेत, ते एकेक करून भरा. तरीही पहिल्यांदा मेट्रोनोमवर दोघांनी मिळून एक कच्चा गाइड ट्रॅक करा. नुसत्या टिकटिकीवर वाजवलेली गिटार बेतशीर आणि निर्जीव येते, मित्राच्या कच्च्या गाण्यावर वाजवलेली गिटार गाण्याला धरून येते. मग गिटार पक्की, तिच्यावर इतर वाद्यं, सर्वात शेवटी आवाज, आणि गाइड पुसून टाकायचा. शेवटचा कॉर्ड विरत असताना मेट्रोनोमचा आवाज खाली घ्या, नाहीतर हेडफोनमधून झिरपणारी टिकटिक त्या शांततेत स्पष्ट ऐकू येते.

रेकॉर्डिंगचा दिवस

एका बैठकीत एक गाणं, फार तर दोन. माइक, तारा, पातळी लावण्यात पहिला तास जातो, तो धरूनच चाला.

पातळी: सर्वात मोठ्या आवाजाला काटा उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटवर हळू आवाज नंतर वाढवला तरी खरखर जाणवत नाही, पण शून्याला आपटून फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. माणूस तालमीपेक्षा खऱ्या टेकमध्ये मोठ्याने गातो, तेव्हा तेवढी जागा आधीच सोडा.

गिटार: माइक बाराव्या पडद्याकडे (फ्रेटकडे), वीस-तीस सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवलात तर घुमणारा खर्ज बाकी सगळं गिळतो. एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाने गिटारभोवती फिरा. जिथे बरं ऐकू येतं, तिथे माइक.

आवाज: पंधरा-वीस सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर. प, फ, ब, भ ही अक्षरं माइकवर वाऱ्याचा झोत मारतात. फिल्टर असूनही ‘भ’ आदळत असेल तर माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवून तिरपा करा. स, श, च टोचत असतील तरी हाच उपाय. माइकच्या फार जवळ गेलं की आवाज जाड होतो, हा ठरावीक दिशेचंच ऐकणाऱ्या माइकचा गुणधर्म. हळव्या ओळीला तो वापरता येतो, पण कडव्यागणिक अंतर बदललं तर दोन वेगळी माणसं गाताहेत असं वाटतं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि पाय तिथेच ठेवा.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. ४४.१ वर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद. येण्या-जाण्याचा एकूण उशीर याहून जास्त भरतो, पण सहन होण्याइतका. संगणक अडखळायला लागला तर इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण वापरा. गाणारा बेसूर होत असेल तर एका कानावरचा हेडफोन काढायला सांगा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

आणि जो वाजवत नाही, त्याचं काय? जोडीतलं सर्वात मोलाचं काम त्या वेळी त्याच्याकडे असतं. एकट्याने रेकॉर्ड करणाऱ्याला गायचंही असतं आणि ऐकायचंही असतं, दोन्ही अर्धवट होतं. तुम्ही दोघं आहात. वाजवणाऱ्याने संगणकाला हात लावायचा नाही. दुसऱ्याने शब्दांचा कागद समोर ठेवायचा, उजवीकडे टेकचे रकाने आखायचे, आणि गाणं चालू असतानाच प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: बरोबर, चूक, किंवा चांदणी. चांदणी म्हणजे अंगावर काटा आला ती ओळ, थोडी बेसूर असली तरी. टेक संपल्यावर बोलायचं तेही ओळीबद्दल. ‘दुसऱ्या कडव्यात शेवटचा सूर उतरला’ चालेल. ‘आज तुझा आवाज लागत नाहीये’ नको. ते त्याला माहीत असतं.

टेक पाचच. पाचांत झालं नाही तर दुसरं काही भरा, ते गाणं पुढच्या बैठकीला. सतरावा टेक सहाव्यापेक्षा चांगला आलेला मी एकदाही पाहिलेला नाही.

त्याच संध्याकाळी निवडा

वस्तू बाजूला ठेवण्याआधी कागद बघा आणि एक मुख्य टेक ठरवा. त्यातल्या चुकलेल्या ओळींच्या जागी दुसऱ्या टेकमधल्या चांदणीच्या ओळी बसवा. जोड शक्यतो श्वासाच्या आधी घ्या, श्वास नव्या ओळीसोबत राहू द्या, आणि दोन्ही कडांना पाच-दहा मिलिसेकंदांचा मिलाफ (एक विरताना दुसरा चढतो असा) द्या, म्हणजे ‘टक्’ वाजत नाही. सगळे श्वास कापून टाकण्याचा मोह आवरा.

मग उरलेले टेक वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. पुसू नका, पण डोळ्यांसमोरही ठेवू नका. मला विचाराल तर या एका सवयीने आमचा दुसरा अल्बम तडीस गेला. जोडलेला ट्रॅक एक सलग फाइल म्हणून बाहेर काढायचा आणि त्या गाण्यापुरती निवड संपली असं समजायचं.

फाइलचं नाव: गाणं, वाद्य, लय, तारीख. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’ अशी नावं देणाऱ्याला दंड लावा. त्या रात्रीच तीन प्रती करा: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी.

दोघं दोन घरांत असाल तर

इंटरनेटवर एकाच वेळी वाजवायचा प्रयत्न सोडून द्या. साध्या व्हिडिओ कॉलवर होणारा उशीर ताल धरू देत नाही. फाइलींची देवाणघेवाण करा. वेव्ह फाइलच पाठवायच्या, एमपी३ नाही, कारण एमपी३मध्ये सुरुवातीला थोडी रिकामी जागा वाढून ताल सरकू शकतो. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, वाद्य तिसऱ्या मिनिटाला येत असलं तरी. सुरुवातीला दोन मात्रागटांची मोजणी ठेवा. सोबत लय, पट्टी आणि किलोहर्ट्झचा आकडा लिहा. इफेक्ट न लावलेली कोरी फाइल पाठवा, आणि डोक्यात एखादा विशिष्ट परिणाम असेल तर इफेक्टवाली दुसरी सोबत द्या.

मिक्स: आपलाच आवाज मोठा

इथे दोघांचं वाजतं, आणि ते संगीताबद्दल नसतं. गिटारवाल्याला गिटारमधली प्रत्येक तार ऐकू यायला हवी असते. गाणाऱ्याचं उलट होतं. स्वतःचा आवाज ऐकून त्याला लाज वाटते, म्हणून तो गाणं वाद्यांखाली पुरत जातो. मी तेच करत होतो. त्यावर आम्हाला सापडलेला तोडगा असा: स्वतःच्या ट्रॅकच्या पातळीला हात लावायचा नाही. गिटार किती हे मी ठरवणार, आवाज किती हे तो. दोन बैठकांत वाद मिटला.

क्रम सांगतो. पहिला तास फक्त पातळ्या, कुठलाही इफेक्ट नाही. नुसत्या पातळ्यांवर गाणं साठ-सत्तर टक्के उभं राहिलं नाही तर इफेक्ट ते उभं करणार नाहीत. हा भाग मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज ठेवून ऐका. मोनोमध्ये शब्द कळले तर फोनच्या स्पीकरवरही कळतील. एकाच वाद्याला दोन माइक लावले असतील तर एकाची फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, ज्यात खर्ज भरीव येतो ते ठेवा.

मग जागा. आवाज मध्यभागी, गिटार थोडी डावीकडे, हार्मोनियम थोडी उजवीकडे. दोनच वाद्यं असतील तर त्यांना टोकाला ढकलू नका. एका कानात हेडफोन घालून ऐकणारे पुष्कळ असतात.

मग काटछाट. आवाजातलं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे पायांची धमधम आणि वाहनांची घरघर असते. गिटार, हार्मोनियम आणि पुरुषाचा आवाज यांची गर्दी २०० ते ४०० हर्ट्झमध्ये होते. गढूळ वाटत असेल तर तिथे वाद्यांचं दोन-तीन डेसिबल कमी करा, आवाजाचं नाही. वाढवण्याआधी नेहमी कमी करून बघा. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारा इफेक्ट, गाण्याच्या आवाजावर हलका ठेवा, तीनास एक गुणोत्तर, मोठ्या ओळींवर चार-पाच डेसिबल दाबेल इतका. त्याने भागत नसेल तर ओळीओळीची पातळी हाताने वर-खाली करा. कंटाळवाणं आहे, पण त्यासारखं दुसरं काही नाही.

शेवटी रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्या घुमण्याची नक्कल. सगळ्यांना एकच, कमी-जास्त प्रमाणात, म्हणजे दोघं एका जागी बसल्यासारखे वाटतात. आवाजाच्या रिव्हर्बला वीस-तीस मिलिसेकंदांचा विलंब दिला की शब्द धुक्यात हरवत नाहीत. पुरेसा वाटला की त्याहून जरा कमी करा.

ऐकण्याचा आवाज कायम एकच ठेवा. हळू ऐकताना कानाला खालचे खर्जातले आणि वरचे तार सप्तकातले, दोन्ही सूर कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणूनच तेच मिक्स मोठ्याने लावलं की उगाचच सुधारल्यासारखं वाटतं. दीड तासाने थांबा. दुसऱ्या दिवशी फोनवर, स्वस्त इअरफोनवर, गाडीत ऐका, दोघांनी वेगवेगळं, आणि टिपणं एकमेकांना दाखवण्याआधी लिहून काढा. दोघांच्याही यादीत आलेलं आधी दुरुस्त करायचं. एकाच्याच यादीतलं पहिल्या कागदावरच्या नियमाने सोडवायचं. प्रत्येक गाण्याला दुरुस्तीच्या तीन फेऱ्या. चौथी नाही.

मास्टर आणि क्रम

घरी मास्टर करताना, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, आवाजाच्या मोठेपणाच्या मागे लागू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतात. जास्त दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं, वर त्यातला जीव गेलेला असतो. मृदू गाणं उणे १६ वर राहिलं तरी बिघडत नाही. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे दाबलेल्या स्वरूपात रूपांतर होताना फाटत नाही. सगळी गाणी एका प्रोजेक्टमध्ये ओळीने लावा आणि आवाजाची पातळी एकमेकांशी जुळवा, तीही आकड्याने नव्हे, कानाने. एकट्या गिटारवरचं गाणं भरगच्च गाण्याइतकं मोठं लागलं तर ते ओरडल्यासारखं वाटतं. १६ बिटची फाइल हवी असेल तर डिदर, म्हणजे बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर, अगदी शेवटी, एकदाच.

क्रम लावताना प्रत्येक गाण्याचे शेवटचे वीस आणि पुढच्याचे पहिले वीस सेकंद जोडून ऐका. लागोपाठ दोन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत आली तर ऐकणाऱ्याला गाणं बदललेलं कळत नाही. मधली शांतता सरसकट दोन सेकंद ठेवू नका, कुठे एक, कुठे चार.

बाहेर सोडताना

मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेलचं केलं की बहुतेक ठिकाणी चालतं. अंगठ्याएवढं करूनही नाव वाचता येतंय ना, ते बघा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो, तो गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरण सेवा सहसा देतात. नावांचं लेखन एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर तुमच्या जोडीची तीन वेगवेगळी पानं तयार होतात. फाइली प्रकाशनाच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. बँडकॅम्प या संकेतस्थळावर मात्र हवं तेव्हा थेट स्वतः टाकता येतं.

गंगेत घोडं न्हालं असं वाटून संगणक बंद करण्याआधी एक शेवटचं काम. प्रत्येक गाण्यातला प्रत्येक ट्रॅक शून्यापासून साधी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा, सोबत लय, पट्टी आणि वाटणीच्या कागदाचा फोटो ठेवा. पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडेल की नाही सांगता येत नाही, वेव्ह फाइल उघडेल. एक डिस्क तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. आणि किल्ली घ्यायला जाल तेव्हा फ्रीज चालू करा.